इटलीची ट्रिप आखताय? शहरं नंतर लिहा, आधी बंद वार लिहा

इटलीला जायचं ठरलं की घरात पहिल्यांदा शहरांची यादी होते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, मग कुणीतरी पिसा म्हणतं, कुणाला ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई बघायचंय, कुणी चिंक्वे तेर्रे या समुद्रकाठच्या गावांचे फोटो पाठवतं आणि बघता बघता दहा दिवसांत आठ ठिकाणं होऊन बसतात. मी सांगेन की ती यादी जरा बाजूला ठेवा आणि एका कागदावर आधी दोनच गोष्टी लिहा, कुठली जागा कुठल्या वारी बंद असते आणि कुठलं तिकीट किती आधी संपतं. एवढं झालं की कुठल्या शहरात कधी जायचं ते निम्मं तिथेच ठरतं.

हे मी इतक्या कळकळीने सांगतेय कारण आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फ्लॉरेन्सला एकच पूर्ण दिवस होता आणि तो नेमका सोमवार. सोमवारी उफिझी बंद, अकाडेमिया पण बंद, म्हणजे तिथली दोन्ही मोठी म्युझियमं. आईला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायचा होता, तो अकाडेमियात आहे. तिने चौकात उभी असलेली त्याची प्रतिकृती बघितली, थोडा वेळ तिथे थांबली आणि आम्ही गाडी पकडायला निघालो. ती काही बोलली नाही पण मला ते अजून लागतं, कारण नुसतं दोन शहरं एक दिवस मागेपुढे केली असती तरी जमलं असतं.

तर आधी वार. सोमवारी उफिझी, अकाडेमिया, रोमची बोर्गेझे गॅलरी आणि मिलानचं लास्ट सपर, म्हणजे लिओनार्दोचं भिंतीवरचं चित्र, ही चारही बंद. व्हॅटिकन म्युझियम, म्हणजे ज्यात सिस्टीन चॅपल आहे ते, रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते अर्धा दिवस फुकट उघडतं पण तेव्हाची रांग बघता मी तरी त्या वाटेला जाणार नाही. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले की लोकांना भेटतात, त्यामुळे व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्सच्या चौकात तुफान गर्दी आणि बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, दुपारपर्यंत उघडं मिळेलच असं नाही. कोलोसियम, पाँपेई, व्हेनिसचा डोजेस पॅलेस हे जवळपास रोज उघडे असतात, ते कुठेही बसवता येतात. आणि अजून एक, महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम सगळ्यांना फुकट असतात, ऐकायला छान वाटतं पण त्या दिवशी तिथलेच लोक घरदार घेऊन येतात, तुमची लांबून आलेली ट्रिप त्या रांगेत घालवू नका.

आता तिकिटं. सगळ्यात अवघड लास्ट सपर. लिओनार्दोने ते ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं, त्यामुळे त्याच्या हयातीतच रंग सुटायला लागला होता, म्हणून आता थोडी थोडी माणसं आत सोडतात आणि फक्त १५ मिनिटं. तिकिटं काही महिन्यांची एकदम निघतात आणि भराभर संपतात, तर तारखा पक्क्या व्हायच्या आधीपासूनच त्यावर लक्ष ठेवायला लागा. कोलोसियमची साधारण ३० दिवस आधी निघतात, तिकिटावर नाव असतं, पासपोर्टवरचंच स्पेलिंग टाका आणि पासपोर्ट सोबत न्या. त्याच तिकिटात शेजारचे जुन्या रोमचे अवशेष, म्हणजे रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी पण येते. बोर्गेझेला दोन तासांचा स्लॉट असतो, दोन तास झाले की बाहेर काढतात पण बर्निनी या शिल्पकाराचे पुतळे बघायला तेवढे पुरतात. १८ वर्षांखालच्या मुलांना सरकारी म्युझियममध्ये प्रवेश फुकट आहे, ती कुठल्याही देशाची असोत, फक्त वेळ त्यांच्यासाठी पण बुक करावी लागते. व्हॅटिकन हा वेगळा देश, तिथे हा नियम नाही. आणि तिकीट नेहमी त्या त्या जागेच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, सर्चमध्ये वरती येणाऱ्या साइट्स बऱ्याचदा दुप्पट घेतात आणि दिसायला अगदी सरकारी दिसतात.

इथे व्हिसाची एक अडचण येते ती आधीच समजून घ्या. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण शेवटपर्यंत थांबलात तर जीव टांगणीला लागतो. फी मोठ्यांना ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. एकापेक्षा जास्त शेंगेन देश करणार असाल तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. आता व्हिसा हातात नसताना परत न मिळणारे पैसे किती गुंतवायचे हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मी असं करते की हॉटेलं सगळी फ्री कॅन्सलेशनवाली घ्यायची, अर्जाला ती चालतात, लास्ट सपरसारखं एखादं तिकीट तेवढं धोका पत्करून आधी घ्यायचं, आणि ट्रेन व बाकीची तिकिटं व्हिसा आल्यावर त्याच संध्याकाळी बसून काढायची. म्हणून अर्ज तीन महिने तरी आधी टाका.

विमान एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्या शहरातून निघणारं घ्या. रोमला उतरून मिलानहून परत, किंवा उलटं. रोमलाच परत यायचं असेल तर शेवटचा अख्खा दिवस नुसता उलटं येण्यात जातो.

मी दहा रात्रींसाठी जो क्रम सांगते तो असा. मंगळवारी रोमला उतरायचं, तिथे चार रात्री. बुधवारी कोलोसियम आणि फोरम, गुरुवारी व्हॅटिकन, शुक्रवारी सकाळी बोर्गेझे आणि दुपारी नुसतं भटकायचं. शनिवारी फ्लॉरेन्स, तिथे तीन रात्री, रविवारी उफिझी आणि अकाडेमिया. सोमवार बंद ना, मग सोमवारी पिसा किंवा सिएना. मंगळवारी व्हेनिस, दोन रात्री, म्हणजे वीकेंडची गर्दी टळली. गुरुवारी मिलान, एक रात्र, शुक्रवारी विमान. बघा, एकही बंद वार आडवा येत नाही. फक्त तो रविवार महिन्यातला पहिला नाही ना तेवढं तपासा, असेल तर फ्लॉरेन्सची म्युझियमं शनिवारी दुपारी घ्या. पाँपेई हवंच असेल तर रोमला एक रात्र वाढवा, ट्रेनने नेपल्स सव्वा तासाच्या आत आणि तिथून लोकल गाडीने अजून साधारण ४० मिनिटं, उन्हात सावली जवळजवळ नाही तर सकाळीच पोचा.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. जुलै-ऑगस्टमध्ये रोमचा दगड तापलेला असतो आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथले लोकच सुट्टीवर जातात, छोटी दुकानं, जेवायच्या जागा बंद मिळतात. २५ एप्रिल, १ मे, २ जून या सुट्ट्या लक्षात ठेवा.

शहरातून शहरात जायला ट्रेनच. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. त्रेनितालियाची फ्रेच्चारोसा आणि इतालो अशा दोन कंपन्यांच्या फास्ट गाड्या आहेत, दोन्हीचे दर बघा, जितकं आधी तितकं स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त तिकीट बहुतेक वेळा बदलता येत नाही. प्रादेशिक गाडीचं मात्र उलटं आहे, तिचा दर ठरलेला, आधी काढून काही फायदा नाही, पण कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटाजवळच्या मशीनमध्ये शिक्का मारायलाच हवा आणि मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करावं लागतं का ते तिकिटावर बघा. ते राहिलं तर दंड होतो, टुरिस्ट आहे म्हणून सोडत नाहीत. गाडी भाड्याने घ्यायचा मोह शहरांसाठी टाळा, जुन्या भागात ठरलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो, कॅमेरे लावलेत आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. फ्लॉरेन्सच्या आसपासच्या तोस्काना प्रांतातली गावं फिरायची असतील तरच गाडी, आणि मग इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या.

रोममध्ये खूप काही फुकट आहे हे विसरू नका. सेंट पीटर्सला तिकीट नाही, फक्त सिक्युरिटीची रांग, सकाळी सातच्या सुमारास गेलात तर आत जवळजवळ शांतता मिळते. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पर्समध्ये एक ओढणी राहू द्या. पँथिऑन या जुन्या रोमन देवळाला २०२३ पासून तिकीट आहे पण ते बघाच, जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट आणि वर मधोमध उघडं भोक, पाऊस आला तर सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. रस्त्यावरच्या नळांचं पाणी पिता येतं, बाटली भरत राहा. तेर्मिनी या मुख्य स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसे सांभाळा.

शाकाहारी असाल तर जेवणाचे हाल होत नाहीत, पण सूपचा स्टॉक बऱ्याचदा मांसाचा असतो आणि पार्मेसान चीजमध्ये दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पक्के शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या. मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच, पास्त्यात आल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण-तेलाचा मागा. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-तीन युरो दिसतील, ती बसण्याची रक्कम आहे, फसवणूक नाही. हॉटेलात सिटी टॅक्स पण वेगळा, माणशी दर रात्रीचा.

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं असेल तर ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ आधी बुक. गुडघे दुखणाऱ्यांनी आर्नो नदीपलीकडच्या पियात्साले मिकेलांजेलो या उंचावरच्या चौकात बसने जावं, संध्याकाळी तिथून अख्खं शहर आणि तो घुमट समोर दिसतो, आणि मला तर ते चढण्यापेक्षा जास्त आवडलं. सिएनाला बसने जा, ट्रेनचं स्टेशन टेकडीखाली आहे.

व्हेनिसला दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे हे बेटाबाहेरचं, मुख्य जमिनीवरचं आणि सांता लुचिया हे बेटावरचं, पाण्याकाठचं, तिकिटावर कुठलं आहे ते नीट बघा, आणि हॉटेल स्वस्त वाटलं तर ते मेस्त्रेत नाही ना हे पण बघा. मी म्हणते एकदाच जातोय तर बेटावरच राहा, कारण संध्याकाळी दिवसाचे टुरिस्ट निघून गेल्यावर गल्ल्यांमध्ये फक्त पाण्याचा आणि आपल्या पावलांचा आवाज उरतो, त्या दोन तासांसाठी जास्तीचे पैसे वसूल आहेत. पण बॅग हलकी ठेवा, चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची बस, एकदाचं तिकीट ७५ मिनिटांचं आणि ९.५० युरो, म्हणून थेट २४ किंवा ४८ तासांचा पास घ्या आणि १ नंबरच्या बोटीने अख्खा ग्रँड कॅनाल करा. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश फी आहे, रात्री राहणाऱ्यांना ती माफ, पण त्या तारखांना सूट असल्याची नोंद ऑनलाइन करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो.

मिलानला गुरुवारी दुपारचा लास्ट सपरचा स्लॉट घ्या, सकाळचा नको, ट्रेन उशिरा आली तर ती १५ मिनिटं गेलीच समजा. तिथून कॅथेड्रल जवळ आहे, गच्चीवर जायला लिफ्ट पण आहे, सूर्य उतरायच्या आधी तासभर वर जा.