सहीचा ब्लॉक सेव्ह करायच्या आधी

वर्डमधे पत्राखालचा सहीचा ब्लॉक, म्हणजे रेघ, नाव, हुद्दा, फोन, एकदाच नीट बनवून ऑटोटेक्स्टमधे, म्हणजे वर्डच्या तयार मजकूर साठवायच्या सोयीत, टाकायचा आणि मग दर पत्रात दोन-चार अक्षरं टाइप करून आणायचा. काम छोटं आहे, पण घाईत केलं की दर पत्राखाली तेच निस्तरत बसायचं, मी बसलोय, म्हणून हे लिहितोय.

पहिलं काम, एक अक्षर टाइप करायच्याही आधी: होम टॅबवरचं ते उलट्या पीसारखं बटण दाबा, किंवा कंट्रोल शिफ्ट 8. प्रत्येक पॅराच्या शेवटी तसंच चिन्ह दिसायला लागेल. डोळ्यात खुपतं, खुपू दे. पॅरा डावीकडे की उजवीकडे, किती आत, वरखाली जागा किती, टॅब कुठे, सगळं वर्ड त्या चिन्हात ठेवतो. ब्लॉक सिलेक्ट करताना शेवटच्या ओळीचं हे चिन्ह सुटलं तर शब्द येतात पण त्या ओळीची मांडणी येत नाही, ती ओळ नव्या पत्रात जिथे पडेल तिथलं रूप घेते. आणि शिफ्ट एंटर मारून ओळी पाडल्या असतील तर वर्डच्या हिशेबी अख्खा ब्लॉक एकच पॅरा, म्हणजे अख्खाच बिघडणार. मागच्या वेळी माझं हेच राहिलं होतं. चिन्ह दाखवा, चिन्हासकट सिलेक्ट करा.

आता मजकूर. नाव, हुद्दा वगैरे तुम्हाला माहीत आहे. रेघेसाठी अंडरस्कोर बडवत बसू नका, तीन अंडरस्कोर टाकून एंटर मारला की वर्ड त्याची पानभर बॉर्डर करतो आणि मग ती पुसता पुसत नाही. टॅब स्टॉप लावा, त्याला लीडर म्हणून, म्हणजे टॅबची रिकामी जागा भरायला, रेघ निवडा, मापात येते. दोन जणांच्या सह्या शेजारीशेजारी हव्या असतील तर बिनबॉर्डरचं दोन कॉलमचं टेबल, स्पेस मारून जागा सोडायची नाही म्हणजे नाही. टेबल सिलेक्ट करताना त्याच्याखालचा रिकामा पॅरासुद्धा घ्या, हो, चिन्ह, तेच.

नाव मराठीत आणि ईमेल इंग्रजीत असेल तर कंट्रोल डी करून फाँटची खिडकी उघडा, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, फाँट आणि साइज वेगळा असतो, दोन्ही बघून भरा, नाहीतर एकाच ओळीत दोन साइज.

तारीख टाकणार असाल तर 'अपडेट ऑटोमॅटिकली' काढून टाका. चालू राहिलं तर सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा पत्रावर त्या दिवशीची तारीख असेल. सहीचा स्कॅन ब्लॉकमधे घालायचा मोह होतो, मी तरी घालत नाही, वर्डची फाइल ज्याच्या हातात जाईल त्याला तो कॉपी करता येतो.

पान तुटणं. सही एकटी पुढच्या पानावर गेली की वाईट दिसतंच, शिवाय ते पान कुठल्याही कागदाला जोडता येतं. पॅराग्राफच्या खिडकीत 'कीप विथ नेक्स्ट' आहे, शेवटची ओळ सोडून ब्लॉकच्या सगळ्या ओळींना लावा. पत्राच्या शेवटच्या पॅरालाही लावायचं, ते मात्र दर वेळी हाताने, तो पॅरा ब्लॉकमधे नसतो. आणि हे 'कीप विथ नेक्स्ट' पण त्या चिन्हातच असतं बरं का.

मग सिलेक्ट. चिन्ह घेतलं? परत बघा. आल्ट एफ3, गॅलरी ऑटोटेक्स्ट, नाव छोटं आणि रोजच्या लिखाणात न येणारं, ऑप्शन्समधे 'इन्सर्ट कंटेंट इन इट्स ओन पॅराग्राफ', ओके. पत्रात नाव टाइप करून एफ3 दाबलं की ब्लॉक येतो.

चाचणी त्याच फाइलमधे करू नका, तिथे सगळं बरोबरच दिसणार. एखादं जुनं पत्र घ्या, जस्टिफाय केलेलं किंवा नंबरांची यादी असलेलं, आणि तिथे टाका. बिघडलं तर कारण काय ते आता सांगत नाही.

ब्लॉक नॉर्मल किंवा बिल्डिंग ब्लॉक्स या वर्डच्या टेम्प्लेट फाइलमधे राहतो. वर्ड बंद करताना त्यातले बदल सेव्ह करू का असं विचारलं तर हो म्हणा, सवयीने 'नाही' दाबलं की ब्लॉक गेला. फोन नंबर बदलला तर ब्लॉक पत्रात आणून दुरुस्त करा, चिन्हासकट सिलेक्ट, त्याच नावाने आणि त्याच जागी सेव्ह, रिडिफाइन विचारेल, हो. जुन्या पत्रांत आपोआप काही बदलत नाही. मशीन बदलताना वर्ड बंद करून नॉर्मल डॉट डॉटएम ही फाइल सोबत घ्या, ब्लॉक बिल्डिंग ब्लॉक्समधे ठेवला असेल तर ती फाइल. लिबरऑफिसवाल्यांना आल्ट एफ3ऐवजी कंट्रोल एफ3.