जुन्या गाडीचा पॉवर स्टिअरिंग रॅक स्वतः कसा बदलायचा

स्टिअरिंग जड झालं, गाडीखाली तेलाचे डाग पडायला लागले की बरेच जण थेट सांगतात, रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा आडवा भाग) गेला, नवीन टाका. जरा थांबा, आधी स्वतः बघून घ्या. मी इथे जुन्या हायड्रॉलिकवाल्या, म्हणजे तेलाच्या दाबावर स्टिअरिंग हलकं होणाऱ्या गाड्यांबद्दल बोलतोय, म्हणजे अॅक्सेंट, आयकॉन वगैरे, हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक असतं, त्याचं काम वेगळं. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्या असलेले रबरी बूट असतात. बाहेरची क्लिप काढून बूट थोडा मागे सरकवा, आतून ऑइल आलं तर आतलं सील गेलंय आणि रॅक काढावाच लागणार. बूट आतून कोरडा आणि तेल वरून ओघळतंय, तर बहुतेक होज (तेलाचा रबरी पाइप) किंवा पंप असतो, ते कमी खर्चात सुटतं. खड्ड्यातला टकटक आवाज तर नुसत्या टाय रॉड एंडचाही (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या रॉडच्या टोकाचा जॉइंट) असू शकतो.

रॅकच गेलाय हे नक्की झालं की पुढे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकं सरळ करा आणि स्टिअरिंग व्हील सीटबेल्टने किंवा दोरीने बांधून टाका. एअरबॅग असेल तर हे अगदी महत्त्वाचं, कारण रॅक सुटल्यावर व्हील गरागरा फिरलं की आतली, एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली वायर म्हणजे कॉइल तुटते. चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अजिबात जायचं नाही, घाई असली तरी नाही.

चाकं काढली की टाय रॉड एंड दिसतात. स्प्लिट पिन ओढून नट काढा आणि जॉइंट पुलरने सोडवा. पुलर नसेल तर नकलच्या (चाक बसतं तो लोखंडी भाग) डोळ्याच्या, म्हणजे जॉइंट अडकतो त्या भोकाच्या बाजूवर हातोडीचे दणकट ठोके द्या, धाग्यावर मारू नका. रॉडवरून एंड काढताना किती फेरे फिरवले ते खडूने गाडीवरच लिहून ठेवा, नंतर कामाला येतं. आता स्टिअरिंगच्या दांड्याचा जॉइंट जिथे रॅकच्या पिनियनवर (रॅकमधून वर आलेला दातेरी दांडा) बसतो तिथे दोन्हींवर मिळून रंगाची एक आडवी खूण करा, मग बोल्ट काढा. ही खूण नाही केली तर नंतर व्हील तिरकं बसतं आणि सगळं परत उघडावं लागतं.

खाली परात ठेवून प्रेशर आणि रिटर्न लाइन (रॅकला तेल आणणारा आणि परत नेणारा पाइप) सोडा. इथे फ्लेअर नट पानाच (पाइपच्या नटाला जवळजवळ सगळीकडून पकडणारा) वापरा, साध्या पान्याने पितळी किंवा गंजलेला नट गोल होऊन जातो. मग रॅकचे माउंटिंग बोल्ट काढून रॅक चाकाच्या कमानीतून बाहेर सरकवा, काही गाड्यांत सबफ्रेम (इंजिनखालची लोखंडी चौकट) थोडी खाली घ्यावी लागते, गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्री गंज काढायचा स्प्रे मारून ठेवा.

रॅक बाहेर आहे तोवरच ऑइलची डबी काढून धुवा. बऱ्याच डब्यांच्या तळाशी बारीक जाळी असते, त्यात सीलचा भुगा आणि धातूचा कीस अडकलेला असतो, आणि हाच कीस नव्या रॅकची सीलं खातो. लोक नवीन रॅक टाकतात, जुनं काळं ऑइल तसंच ठेवतात आणि काही महिन्यांत परत गळती सुरू होते, मग दोष पार्टला देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. लायनीही नव्या ऑइलने धुवून घ्या.

नवीन रॅक जुन्याशेजारी ठेवून लांबी, लायनींची तोंडं आणि पिनियन जुळतात का बघा. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजून बरोबर अर्ध्यावर आणा, म्हणजे सेंटर झाला. बोल्ट आधी हाताने लावा, लायनींचे नटही हातानेच पकडवा, नवे वॉशर किंवा ओ-रिंग टाका, मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरावीक जोराने घट्ट करा. टाय रॉड एंड लिहून ठेवलेल्या फेऱ्यांइतके परत घाला, स्प्लिट पिन नवीनच.

ऑइल कोणतं ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, अंदाजाने भरू नका. भरल्यावर चाकं हवेत असतानाच, इंजिन बंद ठेवून, व्हील सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा आणि डबीतली पातळी बघत राहा, बुडबुडे येतील, ऑइल खाली जाईल तसं भरत जा. नंतरच इंजिन चालू करून परत फिरवा, पण टोकाला पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका. कुईं आवाज किंवा फेस येत असेल तर अजून हवा आहे, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा आणि परत करा. पंप कोरडा पळाला तर तोही जातो.

गाडी खाली उतरवली की पहिल्यांदा सावकाश, गल्लीतच फिरवून या आणि सगळे जोड टॉर्च लावून बघा. मग सरळ अलाइनमेंटला न्या, मोजलेले फेरे फक्त तिथपर्यंत गाडी सांभाळून नेण्यापुरते असतात, टायर एका बाजूने झिजू नयेत म्हणून टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल, मशीनवरच लावून घ्यावा लागतो. चार-सहा दिवसांनी ऑइलची पातळी आणि बुटांच्या क्लिपा परत एकदा तपासा.