अनंताची कळी गळते? आधी पाणी बदला

अनंताला कळ्या भरपूर धरतात, पण उमलण्याआधीच गळतात. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर खत वाढवू नका. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे याचं माप) साधारण ५ ते ६. बोअरच्या जड, क्षार असलेल्या पाण्याने हा सामू वाढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही.

१. पावसाचं पाणी साठवून झाडाला तेच घाला.
२. पिवळेपणा जास्त असेल तर चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात द्या.
३. कळ्या दिसू लागल्या की कुंडी जागची हलवू नका. माती ओलसर ठेवा, चिखल नको. एकदा कोरडं, एकदा तुडुंब, असं झालं की कळी हमखास गळते.
४. छाटणी बहर संपल्याबरोबर करा. उशीर केलात तर पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात.

राख, चुना आणि अंड्याची टरफलं मात्र या झाडाला कधीही घालू नका. इतर बऱ्याच झाडांना चालतात, पण अनंताच्या मातीचा सामू त्यांनी आणखी वाढतो.