मोठा श्वास घे म्हणतो, तिथंच चुकतो

नाशिकच्या द्वारका चौकात गाडी अडकली की हल्ली मी आधी स्वतःच्या पोटाकडे लक्ष देते. बहुतेक वेळा ते घट्ट आत ओढलेलं असतं, खांदे वर गेलेले असतात आणि श्वास अर्ध्यावर थांबलेला असतो. ऑफिसात मेल लिहितानाही तेच. कितीतरी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आपली पहिली चूक हीच, की श्वासाची आठवण फक्त प्राणायामापुरती ठेवायची. सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर वीस मिनिटं अनुलोम-विलोम, आणि नंतर दिवसभर छातीच्या वरच्या वर उथळ श्वास. दिवसाला आपण वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो. त्या वीस मिनिटांत बाकीच्यांची भरपाई कशी होणार?

दुसरी चूक मी स्वतः केली आणि तिची मला अजून हळहळ वाटते. बारावीच्या पेपरच्या सकाळी भाचा घाबराघुबरा झाला होता. मी त्याला म्हणत राहिले, "मोठा श्वास घे, अजून मोठा घे." तो बिचारा छाती फुगवून भराभर श्वास घेत होता. जरा वेळाने म्हणाला, "मावशी, ओठांना मुंग्या येतायत, बोटं वाकडी होतायत." मी आणखीच घाबरले.

झालं असं की, भराभर मोठे श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात. ऑक्सिजन बहुतेक वेळा पुरेसा असतो, तरी जीव गुदमरल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस आणखी जोरात श्वास ओढतो.

अशा वेळी आधी श्वास सोडायला सांगायचं. बशीतला गरम चहा आपण कसा फुंकतो, चहा न सांडता, हलक्या धारेने? तसा. श्वास सोडताना व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाची गती किंचित कमी करते. शांत बसून मनगटाची नाडी धरलीत तर कदाचित तुम्हालाही जाणवेल: घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. म्हणून नाकाने चार अंक मोजत घ्या, सहा मोजत सोडा. अंक सेकंदाच्या चालीने मोजले तर मिनिटाला सहा श्वास होतात.

चार-सहा जमत नसेल तर तीन-चार करा. ओढूनताणून मोजत बसलं तर उलट ताण वाढतो, आणि हीसुद्धा नेहमी होणारी चूक आहे. श्वास रोखून धरायचे प्रकार ब्लडप्रेशर किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

पोटाचंही बघा. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवून आडवे व्हा. श्वास घेताना पोटावरचा हात आधी वर आला पाहिजे. आम्हा मुलींना लहानपणापासून "पोट आत घे" असं ऐकवलं जातं. त्यात साडीची किंवा जीन्सची कंबर घट्ट असली की श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, खाली सरकायला जागाच उरत नाही. कमरेची नाडी सैल बांधा, एवढ्यानेही फरक पडतो.

तोंडाने श्वास घेण्याची सवय नाशिकच्या थंडीत जास्त त्रास देते. नाक हवा गाळतं, कोमट आणि ओलसर करतं; तोंड तेवढं करत नाही. नाक कायम चोंदलेलं असेल तर तोंडाला पट्टी चिकटवण्याचे प्रयोग नकोत, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि छातीत दुखत असेल, ओठ निळसर पडत असतील किंवा अचानक धाप लागली असेल, तर श्वास मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

"हे सगळं लक्षात राहत नाही" अशी तक्रार असते. मीही आठवण रोजच्याच गोष्टींना बांधली आहे: मुंबई नाक्याचा सिग्नल, चहाला येणारी उकळी, फोनची रिंग. फोन उचलण्याआधी एक श्वास पूर्ण सोडून घेते. समोरचा तेवढी एक रिंग थांबतो.