गाडी सेल्फ घेईना? जम्प स्टार्टच्या आधी टर्मिनल बघा

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात ऊन ४२-४३ च्या वर जातं, त्यात बॅटऱ्या लई लवकर बसतात, पण दरवेळी बॅटरीच गेलेली असते असं नाही बरं का. सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक वाजलं तर आधी बोनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल (वायर जिथं जोडतात ते टोक) हातानं हलवून बघा, हललं की ते ढिलं आहे, आणि पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर मायनस आधी काढा, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, लावताना मात्र प्लस आधी. बऱ्याच गाड्या इथंच चालू होतात.

तरी नाही झाली तर जम्प स्टार्ट करा, म्हणजे जम्पर वायरींनी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा करंट घ्या. त्यासाठी दुसरी १२ व्होल्टचीच गाडी जवळ आणा, एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्ही बंद. लाल वायर बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्याच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बॅटरी बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. हे विसरू नका भावांनो, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली की भडका. बिडी-सिगारेट तर लांबच ठेवा, आणि बॅटरी फुगलेली किंवा गळकी असंल तर हातच लावू नका.

चांगली गाडी चालू करून पाचेक मिनिटं थांबा, मग बॅटरी बसलेल्या गाडीचा सेल्फ मारा. चालू झाली की उलट्या क्रमानं वायरी काढा. मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) चालू गाडीत बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला पाहिजेत, कमी आले तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) मेकॅनिकला दाखवा.