तापात डाएटचं काय केलं

ताप चढला तसं कॅलरी मोजायचं अ‍ॅप मी सरळ बंद केलं. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी पोटाला चिमटा काढण्यात काय हशील? तोंडाला चव नव्हती, म्हणून भरपेट जेवणाऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खाल्लं, त्यातही प्रथिनं आधी, कारण अंथरुणात पडून राहिलं की स्नायू झिजतात. पाण्याची बाटली उशाशीच. लघवी गडद दिसली की आणखी चार घोट. वजनाचा काटा खाली आला (खूश व्हायचं कारण नव्हतं, बरंचसं पाणीच ते), भूक परतल्यावर पुन्हा वर सरकला. तिकडे काणाडोळा केला. ताप उतरल्यावर आधी नुसतं चालणं, कॅलरींची काटछाट त्यानंतर.