फायबरची बोट रडारवर दिसावी म्हणून

फायबरग्लासमधून रडारच्या लहरी बऱ्याच अंशी आरपार जातात. त्यामुळे धुक्यात किंवा रात्री मोठ्या जहाजाच्या पडद्यावर तुमची बोट लाटांच्या ठिपक्यांत हरवून जाते. परत फिरतात त्या इंजिनासारख्या धातूच्या वस्तूंवरून, आणि त्या पाण्यालगत, लाटांच्या आड असतात. म्हणून रडारच्या लहरी आल्या दिशेने परत पाठवणारा रडार रिफ्लेक्टर हवाच.

एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या धातूच्या पत्र्यांचा, आठ खोलगट कप्प्यांचा अष्टफलकी रिफ्लेक्टर स्वस्त आणि चांगला. पण तो बहुतेक जण टोकाला दोरी बांधून, टोक वर करून लटकवतात. तिथेच चूक होते. त्याचा एक खोलगट कप्पा सरळ आभाळाकडे हवा, पावसाचं पाणी साचेल असा. मग एक कप्पा खाली आणि बाकीचे सहा कप्पे चहूबाजूंना तोंड करून राहतात. पत्रा जरा जरी वाकला की काटकोन बिघडतो आणि परतणारी लहर भलतीकडे जाते, तेव्हा अधूनमधून गुण्या लावून तपासा.

आकारात काटकसर करू नका. कडेची लांबी दुप्पट केली की परावर्तन सोळा पट होतं! शक्य तितका उंच, पाण्यापासून निदान चार मीटरवर, घट्ट बांधा. कार्बन फायबरच्या डोलकाठीच्या आत मात्र ठेवू नका, कार्बन लहरी अडवतो.

ऐपत असेल तर रडारची लहर पकडून जोरात परत पाठवणारं विजेवरचं यंत्र बसवा. पण बरीचशी यंत्रं फक्त ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणाऱ्या रडारला उत्तर देतात, १० सेंटिमीटरच्या नाही. वीज गेली की तीही मुकी होतात, म्हणून पत्र्याचा रिफ्लेक्टर काढू नका.